कंट्रोल-सी दाबलं तरी थांबेना: किल -९ च्या आधी काय तपासायचं

लिनक्स किंवा मॅकच्या टर्मिनलमध्ये (कमांडी टाइप करायच्या खिडकीत) चालू प्रोग्राम कंट्रोल-सी नं थांबत नाही, तेव्हासाठी हे. किल -९ म्हणजे प्रोग्राम जबरदस्तीनं मारणारी कमांड. आधी लक्षणं. यातलं एखादं जुळत असेल तर पुढे वाचा.

- कंट्रोल-सी दाबल्यावर पडद्यावर ^सी उमटतं, पण प्रॉम्प्ट (पुढची कमांड मागणारी खूण) परत येत नाही.
- काहीच उमटत नाही. टर्मिनल गोठल्यासारखं झालंय.
- प्रॉम्प्ट आला, पण सर्व्हर पुन्हा सुरू करायला गेलं की ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’.
- शेवटी & लावून काम मागे पाठवलं; थोड्या वेळानं पाहिलं तर ते ‘स्टॉप्ड’.
- लूप चालू आहे. कंट्रोल-सी केलं की एक फेरी मरते आणि पुढची सुरू होते.
- नेटवर्क तुटलं आणि रात्रभराचं काम गेलं. किंवा उलट: स्क्रिप्ट मारली, तरी तिची पोरं (तिनं सुरू केलेले प्रोग्राम) मागे चालूच.
- किल -९ देऊनही प्रोसेस (म्हणजे चालू प्रोग्राम) यादीतून हलत नाही.

‘अडकलंय’ असं कुणी म्हणालं की माझे दोन प्रश्न ठरलेले असतात. ^सी उमटतंय का? आणि त्याआधी शेवटचं काय दाबलं होतं? बहुतेकांचं तोवर किल -९ मारून झालेलं असतं. रोग म्हशीला, औषध पखालीला.

कमांडी इथे आपण बोलतो तशा लिहिल्या आहेत. टाइप करताना रोमन लिपी, स्मॉल अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरायचे, हे वेगळं सांगायला नको.

एक गोष्ट डोक्यात पक्की असली की पुढचं सगळं सोपं जातं. कंट्रोल-सी थेट प्रोग्रामकडे जात नाही. कीबोर्डवरून ३ क्रमांकाचं एक कॅरॅक्टर निघतं आणि टर्मिनलच्या खिडकीतून कर्नलमधल्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या) टीटीवाय ड्रायव्हरकडे, म्हणजे टर्मिनल सांभाळणाऱ्या भागाकडे, पोहोचतं. ड्रायव्हर ते गिळतो आणि त्याच्या बदल्यात सिगइंट हा २ क्रमांकाचा सिग्नल (प्रोसेसला दिलेली सूचना) पाठवतो, तोही फक्त त्या टर्मिनलवर त्या क्षणी पुढे असलेल्या प्रोसेस गटाला. मग मरायचं, आवरून मरायचं की दुर्लक्ष करायचं, हे त्या प्रोग्रामनं ठरवायचं. यातली कुठली कडी निसटली आहे तेवढं शोधायचं. खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून महागड्यांकडे जातो.

## कंट्रोल-क्यू दाबून बघा

काहीच उमटत नसेल तर सगळ्यात आधी हे. सेव्ह करण्याच्या सवयीनं बोट कंट्रोल-एस वर जातं आणि टर्मिनल पडद्यावरचं लिखाण थांबवतं. टेलिटाइप यंत्रांवर कागदी पट्टीचा रीडर चालू-बंद करायला हीच दोन कॅरॅक्टर वापरत. यंत्रं गेली, कळा राहिल्या. कंट्रोल-क्यू नं सगळं पुन्हा वाहायला लागतं, आणि दाबून नुकसान काहीच नाही.

सांभाळायचं एकच: गोठलेल्या काळात वैतागून जे टाइप केलंत ते हरवलेलं नसतं. दिसत नसलं तरी पोहोचलेलं असतं, आणि एंटर मारला असेल तर ते चालतंही. तेव्हा अशा वेळी ‘बघू तरी’ म्हणून फायली पुसणारी कमांड टाकू नका. कायमचा उपाय हवा असेल तर शेलच्या (तुमच्या कमांडी वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) सुरुवातीच्या फाइलमध्ये ‘एसटीटीवाय -आयएक्सऑन’ ही ओळ घाला.

याच दमात दोन गोष्टी बघून घ्या. काही टर्मिनल प्रोग्राममध्ये मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी. निवड काढा आणि पुन्हा दाबा. टीमक्समध्ये (एका खिडकीत अनेक शेल चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये) कॉपी मोडमध्ये असाल तर तुमची कळ टीमक्सच खातो. क्यू दाबून बाहेर या.

आणि प्रोग्राम खरंच अडकलाय का हेही बघा. फाइलचं नाव न देता ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड) चालवलं तर ते तुमच्या टाइप करण्याची वाट बघत बसतं. प्रॉम्प्टच्या जागी नुसतं > दिसत असेल तर अवतरणचिन्ह बंद करायचं राहिलंय.

## कंट्रोल-झेड दाबलं होतं का?

माझ्याकडे आलेल्या तक्रारींत सगळ्यात जास्त याच. कंट्रोल-झेड नं प्रॉम्प्ट लगेच परत येतो, म्हणून लोकांना वाटतं प्रोग्राम बंद झाला. तो बंद झालेला नसतो, जागच्या जागी थिजलेला असतो. मेमरी धरून, फायली उघड्या ठेवून, आणि सर्व्हर असेल तर पोर्ट (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) अडवून. ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ चा उगम बऱ्याचदा इथेच असतो. पोर्ट बदलून वेळ मारून नेली की दुसऱ्या दिवशी तिसरा पोर्ट लागतो.

तपासणी एका शब्दाची: ‘जॉब्स’. ‘जॉब्स -एल’ म्हटलं तर प्रोसेस क्रमांकही दिसतात. ‘स्टॉप्ड’ लिहिलेला जॉब (शेलमधून सुरू केलेलं काम) असेल तर ‘एफजी %१’ नं तो पुढे आणा आणि मग नेहमीसारखा कंट्रोल-सी नं बंद करा. चालू ठेवायचा असेल तर ‘बीजी %१’.

एका सहकाऱ्याचं मशीन ‘हळू चालतंय’ म्हणून बघायला गेलो होतो. त्याच्या एका शेलमध्ये चौदा विम (हा एक एडिटर) थिजलेले. बाहेर पडायचं कसं हे माहीत नसल्यानं तो दर वेळी कंट्रोल-झेड दाबायचा. तीच फाइल पुन्हा उघडली की विम स्वॅप फाइलबद्दल इशारा द्यायचा, आणि तो इशारा वाचायची त्याला इतकी सवय झाली होती की तो दिसायचाच बंद झाला होता. त्यातल्या तीन विममध्ये सेव्ह न केलेले बदल निघाले. म्हणून ‘जॉब्स’ मध्ये एडिटर दिसला तर आधी पुढे आणा, काय आहे ते बघा, मगच बंद करा.

इथे तीन खाचखळगे आहेत.

जॉबची यादी त्या त्या शेलची स्वतःची असते. दुसऱ्या टर्मिनलमध्ये ‘जॉब्स’ रिकामं आलं याचा अर्थ काहीच चालू नाही असा नाही. खिडकी आठवत नसेल तर पोर्ट कुणी धरलाय ते लिनक्सवर ‘एसएस -एलटीएनपी’ सांगतं. मॅकवर ‘एलएसओएफ -आय’ आणि पुढे जोडून कोलन व पोर्ट क्रमांक.

‘बीजी’ केलेला जॉब पडद्यावर लिहीतच राहतो. लोक त्यावर कंट्रोल-सी मारत बसतात. तो पुढच्या गटात नाही, त्यामुळे सिग्नल त्याच्यापर्यंत जातच नाही. ‘एफजी’ करून थांबवा किंवा ‘किल %१’ म्हणा.

आणि ‘किल %१’ मधलं टक्केचिन्ह विसरू नका. ‘किल १’ म्हणजे सिस्टिममधल्या पहिल्या प्रोसेसला सिग्नल. साध्या युजरला परवानगी नाकारली जाते. रूट (सगळे अधिकार असलेला युजर) असाल तर नशिबावर सोडण्याची ही जागा नव्हे.

## टर्मिनलची सेटिंग बिघडली आहे का?

बायनरी फाइल चुकून कॅट केली (पडद्यावर ओतली), किंवा पूर्ण पडदा वापरणारा एखादा प्रोग्राम अर्ध्यात मेला, की टर्मिनल विचित्र अवस्थेत राहतं. टाइप केलेलं दिसत नाही, ओळी जिन्यासारख्या उतरतात, कंट्रोल-सी नुसतंच अक्षर म्हणून जातं.

‘एसटीटीवाय -ए’ चालवा. ‘इंटर’ पुढे ^सी आहे ना, आणि ‘आयसिग’ च्या आधी उणे चिन्ह नाही ना, एवढं बघा. उणे असेल तर ड्रायव्हर कळांचं सिग्नलमध्ये रूपांतरच करत नाही. उपाय ‘एसटीटीवाय सेन’, त्यानं नाही झालं तर ‘रीसेट’. एंटर चालत नसेल तर कमांड टाइप करून कंट्रोल-जे दाबा. एंटर कॅरेज रिटर्न पाठवतो आणि त्याचं नव्या ओळीत रूपांतर करणारी सेटिंगच बंद झालेली असते; कंट्रोल-जे थेट नवी ओळ पाठवतं. अंधारात टाइप करावं लागतं, पण चालतं.

## मागे पाठवलेला जॉब आपोआप थांबतो

& लावून पाठवलेलं काम ‘स्टॉप्ड’ दिसतंय, तुम्ही तर काहीच दाबलं नाही. झेड शेल ‘सस्पेंडेड (टीटीवाय इनपुट)’ असं कारणच लिहून देतो. मागच्या गटातल्या प्रोसेसनं कीबोर्डवरून वाचायचा प्रयत्न केला की कर्नल तिला सिगटीटीइन पाठवून थांबवतो. नाहीतर तुम्ही टाइप केलेलं शेलनं वाचायचं की तिनं, यावर रोज भांडण झालं असतं.

बहुधा तो प्रोग्राम ‘वाय की एन’ असं काहीतरी विचारतोय. ‘एफजी’ करून उत्तर द्या. त्याला इनपुट लागतच नसेल तर सुरू करतानाच < /डेव्ह/नल (कायम रिकामी असलेली फाइल) जोडा. काही प्रोग्राम गरज नसताना कीबोर्डकडे डोळा ठेवून असतात, त्यांना वेगळा पर्याय द्यावा लागतो: एफएफएमपेगला ‘-नोएसटीडीइन’, एसएसएचला (दूरच्या मशीनवर काम करू देणाऱ्या प्रोग्रामला) ‘-एन’.

लिहिण्याच्या बाबतीत असं सहसा होत नाही, कारण मागच्या जॉबला पडद्यावर लिहायची मुभा असते. ‘एसटीटीवाय टीओस्टॉप’ चालू असेल तर मात्र तिथेही जॉब थांबतो.

## सिग्नल पोहोचला, पण प्रोग्राम ऐकत नाही

^सी उमटतंय, सेटिंग ठीक, जॉब पुढेच आहे. आता प्रोग्रामकडे बघायचं. पण आधी दहा-पंधरा सेकंद थांबा. चांगला प्रोग्राम सिगइंट मिळाल्यावर कनेक्शन बंद करतो, तात्पुरत्या फायली पुसतो. पुष्कळ प्रोग्राम दुसरं कंट्रोल-सी म्हणजे ‘आवराआवर सोड, आत्ता मर’ असं समजतात. कळ बडवत बसणं म्हणजे आपणच अर्धवट लिहिलेली फाइल मागे सोडायला लावणं.

तरी नाही झालं तर कंट्रोल आणि उलटी तिरकी रेघ. यानं सिगक्विट जातो, ३ क्रमांकाचा. बरेच प्रोग्राम त्यानं मरतात, कधी कोअर फाइल (मेमरीची प्रत) टाकून. जावा मरत नाही; प्रत्येक थ्रेड कुठे आहे याची यादी छापतो आणि चालू राहतो. ती यादी जपून ठेवा, अडकण्याचं कारण बहुतेक तिच्यातच असतं.

प्रोग्राम तुमचाच पायथॉनमधला असेल तर त्यात नुसतं ‘एक्सेप्ट:’ लिहिलंय का बघा. ते कंट्रोल-सी मुळे उठलेला कीबोर्डइंटरप्टही पकडून गिळतं. ‘एक्सेप्ट एक्सेप्शन:’ (इथे दुसऱ्या शब्दाचा ई मात्र कॅपिटल) लिहिलं की तो त्यातून सुटतो, कारण २.५ आवृत्तीपासून तो एक्सेप्शनच्या घराण्यात नाहीच.

लूपचं दुखणं वेगळं आहे आणि मला ते समजायला बराच काळ लागला. स्क्रिप्टमधल्या कमांडवर कंट्रोल-सी केलं की सिग्नल कमांडलाही जातो आणि बॅशलाही (स्क्रिप्ट चालवणाऱ्या शेललाही). पण बॅश लगेच मरत नाही. आधी पोर कसं मेलं ते बघतो. ते सिगइंटनंच मेलं असेल तर बॅशही थांबतो. पण पोरानं सिग्नल पकडला, आवरलं आणि साधं एक्झिट केलं, तर बॅश समजतो की कंट्रोल-सी ही त्या प्रोग्रामची स्वतःची कळ होती, एडिटरमध्ये असते तशी. मग तो पुढच्या फेरीला निघतो. वागणं तर्कशुद्ध आहे, आणि रात्री अकरा वाजता संतापजनकही. उपाय: स्क्रिप्टच्या सुरुवातीला ट्रॅप 'एक्झिट १३०' इंट, किंवा लूपमधल्या कमांडच्या शेवटी || ब्रेक. १३० कुठून आलं? सिग्नलनं मेलेल्या कमांडचा निकाल १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक असतो. म्हणून एको $? वर १३० दिसलं तर सिगइंट, १३७ तर सिगकिल (किल -९), १४३ तर सिगटर्म (नुसतं किल).

स्क्रिप्ट मेली पण पोरं उरली, याचंही कारण नियमातच आहे. स्क्रिप्टमध्ये जॉब कंट्रोल बंद असतो, आणि तिथे & लावून सुरू केलेल्या कमांडी जन्मापासूनच सिगइंट आणि सिगक्विट दुर्लक्षित करतात. लिनक्सवर खात्री करता येते: /प्रॉक मधल्या त्या प्रोसेसच्या ‘स्टेटस’ फाइलमध्ये ‘सिगइग्न’ ही ओळ बघा. शेवटचा अंक ६ असेल तर हेच दोन सिग्नल दुर्लक्षित आहेत. एरवी तो २, ३, ६, ७, ए, बी, ई किंवा एफ असला तर सिगइंट ऐकू जात नाही, एवढं नक्की. अशा पोरांना सिगटर्म चालतो, म्हणून स्क्रिप्टच्या वर ट्रॅप 'किल $(जॉब्स -पी)' एक्झिट लिहून ठेवा.

कंटेनरमध्ये (डॉकरसारख्या वेगळ्या कप्प्यात) असाल तर आणखी एक फाटा. तिथे तुमचा प्रोग्राम बऱ्याचदा १ क्रमांकाची प्रोसेस असतो, आणि त्या प्रोसेसनं सिग्नल पकडायची सोय स्वतः केली नसेल तर कर्नल तो तिला देतच नाही. डॉकर सुरू करताना --इनिट द्या.

## दूरच्या मशीनवर

एसएसएच गोठलं असेल तर तुमच्या मशीनवरचं काहीच बिघडलेलं नसतं. एंटर, मग ~, मग टिंब. कनेक्शन तुटेल आणि तुमचा प्रॉम्प्ट परत येईल.

‘एसएसएच’ ला थेट कमांड जोडून चालवलीत आणि कंट्रोल-सी केलंत, तर मरतो तुमच्याकडचा एसएसएच. पलीकडची कमांड चालू राहू शकते, कारण तिकडे टर्मिनलच नव्हतं. ‘-टी’ पर्याय द्या, म्हणजे कळ पलीकडे पोहोचते.

कनेक्शन तुटल्यावर काम मरतं ते सिगहप (टर्मिनल गेल्याचा सिग्नल) मुळे. खिडकी बंद झाली की बॅशला तो मिळतो आणि बॅश तो सगळ्या जॉबना वाटतो. मात्र ‘एक्झिट’ लिहून सभ्यपणे बाहेर पडलात तर बॅश मूळ सेटिंगमध्ये चालू जॉबना तो पाठवत नाही; झेड शेल पाठवतो. ‘काल टिकलं होतं, आज का मेलं’ याचं उत्तर बऱ्याचदा एवढंच असतं. लांबणारं काम टीमक्स किंवा स्क्रीनमध्येच सुरू करा. विसरलात तर कंट्रोल-झेड, ‘बीजी’, ‘डिसओन -एच’. पण त्याचं लिखाण अजून त्याच टर्मिनलकडे बांधलेलं असतं, ते गेल्यावर लिहिताना प्रोग्राम कोलमडू शकतो. ‘नोहप’ (सिगहपकडे दुर्लक्ष करायला लावणारी कमांड) हे सुरुवातीलाच लावायचं असतं. हे सगळं करूनही लॉगआउटवर काम मरत असेल तर सिस्टिमडीची (लिनक्सवर सेवा आणि लॉगिन सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) ‘किलयूजरप्रोसेसेस’ ही सेटिंग चालू असेल. ती ॲडमिनच्या हातातली आहे.

## मारायचंच असेल तर

क्रम असा: ‘किल -इंट’, मग नुसतं ‘किल’, म्हणजे सिगटर्म, मग दहा सेकंद धीर, आणि शेवटी ‘किल -९’. सिगकिल कुणालाही पकडता येत नाही, म्हणून तो बहुधा लागतोच आणि म्हणूनच तो शेवटी. प्रोग्रामला लॉक फाइल पुसायची, अर्धं लिहिलेलं पूर्ण करायची संधीच मिळत नाही. त्याची पोरंही त्यानं मरत नाहीत, अनाथ होऊन चालत राहतात. पूर्ण गट उडवायचा तर गटाच्या क्रमांकाआधी उणे: ‘किल -टर्म -- -४३२१’.

थिजलेल्या प्रोसेसला दुसऱ्या टर्मिनलवरून सिगटर्म दिला तर तो दारात पडून राहतो. ‘किल -कॉन्ट’ देऊन तिला हलवा, मग ती तो घेईल.

‘किलऑल’ वापरायची सवय असेल तर सोलारिसवर जपून. तिथे त्या नावाची कमांड नावाप्रमाणे वागते, सगळंच मारते.

## किल -९ सुद्धा लागत नाही

‘पीएस -ओ पीआयडी,पीपीआयडी,पीजीआयडी,स्टॅट,डब्ल्यूचॅन,सीएमडी -पी’ आणि पुढे क्रमांक. ‘स्टॅट’ च्या रकान्यातलं पहिलं अक्षर वाचा.

झेड म्हणजे झोंबी: ती आधीच मेली आहे, फक्त पालकानं तिची नोंद घेतलेली नाही. मेलेल्याला मारता येत नाही. त्रास होत नसेल तर सोडून द्या; संख्या वाढत असेल तर ‘पीपीआयडी’ मधल्या पालकात दोष आहे, तो नीट बंद करा.

टी म्हणजे थिजलेली, वर आलंच.

डी असेल तर हात मागे घ्या. प्रोसेस कर्नलच्या आत, बहुधा डिस्क किंवा नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमची वाट बघत आहे, आणि ती वाट संपेपर्यंत सिग्नल घेत नाही. एनएफएसवरच्या (नेटवर्कवरच्या फाइल सिस्टिमचा एक प्रकार) काही थांब्यांत लिनक्स २.६.२५ पासून किल -९ लागू होतं, म्हणून एकदा द्यायला हरकत नाही. एक-दोन सेकंद डी दिसणं नेहमीचं. मिनिटभरानंही तोच डी असेल तर ‘डीमेसेज’ (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड; स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी) बघा. त्यात ‘ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंड्स’ किंवा डिस्कच्या इनपुट-आउटपुट चुका असतील तर हे काम आता शेलचं उरलेलं नाही.

## इथे थांबा, ॲडमिनला बोलवा

डिस्कच्या चुका दिसत असतील. डी अवस्थेतल्या प्रोसेसची संख्या वाढत असेल. अडकलेली प्रोसेस डेटाबेसची असेल. ती दुसऱ्या युजरची किंवा रूटची असेल. किंवा मशीन इतरांबरोबर वापरत असाल. यातलं काहीही असलं तर रीबूट करू नका, आणि चालू फाइल सिस्टिमवर ‘एफएससीके’ (फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड) तर अजिबात नको. तुटकी डिस्क वाचवायची शेवटची संधी त्यात जाते. मी स्वतः एकदा डेटाबेसच्या प्रोसेसला घाईत किल -९ दिलं होतं. दुरुस्तीला पूर्ण शनिवार गेला, आणि तोही दुसऱ्याचा.

निरोपात ‘सर्व्हर हँग झालाय’ एवढंच लिहू नका. वर दिलेल्या ‘पीएस’ ची पूर्ण ओळ, ‘डीमेसेज’ च्या शेवटच्या ओळी, अडकल्याची वेळ, आणि आतापर्यंत कोणकोणते सिग्नल दिलेत ते क्रमानं लिहा. किल -९ दिलं असेल तर तेही. खिडकी उघडीच ठेवा. ॲडमिनला त्या टर्मिनलचं नाव लागेल, दुसऱ्या शेलमध्ये ‘डब्ल्यू’ कमांड दिली की ते यादीत सापडतं.